कोठीतल्या बाईच्या हिरव्या बांगड्या

घड्याळ बंद होतं, कारण त्यात सेल नव्हता. पिंजरा रिकामा होता, कारण पोपट पहिल्याच दिवशी प्रॉडक्शनच्या माणसाच्या हातून उडाला होता. आणि दिवाणखान्यातलं चित्र अधूनमधून जागा बदलायचं, कारण त्या भिंतीत खिळा टिकत नव्हता. हे सगळं मी आज बिनदिक्कत सांगते आहे. त्या बंद घड्याळाच्या काट्यांवर ज्यांनी आपल्या संध्याकाळी खर्च केल्या त्यांना राग आला तर येऊ दे. तेव्हा मला तोंड उघडायची सोय नव्हती.

गोष्ट नव्वदीच्या दशकातली. नवनवीन चॅनल येत होते, गच्च्यांवरून केबलवाल्याच्या तारा लोंबत होत्या आणि नोएडात जितक्या वेगाने फ्लॅट उभे राहत होते तितक्याच वेगाने स्टुडिओ. अशाच एका स्टुडिओत मी कामाला होते. आमची मालिका रहस्याची, आठवड्यातून एकदा संध्याकाळी लागणारी. दिल्लीतल्या एका जुन्या कोठीतून, म्हणजे बंगल्यातून, एक माणूस सकाळी गाडी घेऊन निघतो. गाडी यमुनेच्या पुलाजवळ सापडते, माणूस सापडत नाही. पोलीस म्हणतात, बुडाला. त्याची बायको कोठीत एकटी राहते आणि एक इन्स्पेक्टर दर आठवड्याला येऊन तिला तेच तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारतो. खुनी कोण, हे शेवटच्या भागात कळणार होतं, आणि ते बाहेर फोडायचं नाही असं आम्हा सगळ्यांकडून वदवून घेतलं होतं.

माझं काम कंटिन्युइटीचं. म्हणजे एका शॉटमध्ये कप डाव्या हातात असेल तर पुढच्या शॉटमध्ये तो उजव्या हातात जाऊ नये, हे बघायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण शूटिंग गोष्टीच्या क्रमाने होत नाही. जिथली परवानगी आधी मिळते तिथलं आधी होतं. आमच्या कोठीचा मालक ती बिल्डरला देऊन बसला होता, पाडापाडी सुरू व्हायच्या आत बाहेरचं सगळं उरकायचं होतं, त्यामुळे मालिकेचा अगदी शेवटचा शॉट आम्ही पहिल्या दिवशी घेतला. नवऱ्याचं काय झालं ते कळल्यावर ती बाई कोठीचं फाटक उघडून रस्त्याला लागते, तो. आतल्या खोल्या नंतर स्टुडिओत उभारल्या, आणि पहिला भाग कितीतरी दिवसांनी शूट झाला. म्हणून पहिल्या दिवशी अंगावर जे चढलं तेच शेवटपर्यंत सांभाळणं भाग होतं. मी झटपट निघणारे फोटो काढून भिंतीवर चिकटवून ठेवायचे आणि कुणी हुज्जत घातली की बोट दाखवायचे. त्या कामात माझ्या तोडीचं तिथे कुणी नव्हतं. हे मी तेव्हाही म्हणत असे, आताही म्हणते.

तर त्या पहिल्या दिवशी नटी तयार होऊन आली. राखाडी साडी, कपाळ मोकळं, हात मोकळे. कॅमेऱ्यातून बघितल्यावर हात अगदी भुंडे दिसायला लागले. ड्रेसवाल्याने बांगड्यांचा डबा पुढे केला. त्यात दिल्लीच्या बाजारातलं काय नव्हतं? पण मी हात घातला तो सरळ हिरव्या काचेच्या बांगड्यांना. त्या मीच तिच्या हातात चढवल्या. साध्या बांगड्या, आणि त्यांच्या बरोबर मधे सोनेरी ठिपक्यांची एक. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. हात एकदम ओळखीचा दिसायला लागला आणि मी फोटो काढून टाकला.

ओळखीचा का दिसला, ते सांगते.

माझे बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते. माझा जन्म आणि शाळा सगळं तिमारपूरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. आई नाशिकची. दिल्लीत इतकी वर्षं काढूनही तिची हिंदी नाशिकचीच राहिली, आणि तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्याही. माझ्या जन्मापासून मी तो हात तसाच बघत आले होते. पोळी लाटताना तो वाजायचा. आई घरात कुठे आहे ते मला बांगड्यांवरून कळायचं. नळावर आपटून एखादी फुटली तरी ती ‘फुटली’ म्हणायची नाही. ‘वाढवली’ म्हणायची आणि लगेच दुसरी चढवायची, हात रिकामा ठेवायचा नाही म्हणून.

बाबांना हिंदूराव हॉस्पिटलात दाखल केलं तेव्हाही त्यांची थट्टा चालू होती. “मराठी माणसाच्या नावाच्या जागी आलोय, मला काय होतंय,” म्हणाले. तिथून ते परत आले नाहीत. क्वार्टर भरून बायका जमल्या. मी स्वयंपाकघरात लोकांसाठी चहा ठेवत होते आणि बाहेरून काच फुटल्याचा आवाज आला. लांबच्या नात्यातल्या एका काकूंनी पुढाकार घेतला होता. मी कप तसाच टाकून बाहेर आले तोवर झालेलं होतं. मला त्या बाईचा इतका राग आला की सांगता सोय नाही. अजून येतो.

क्वार्टर सोडावं लागलं. बाबांनी नोएडात एक फ्लॅट घेऊन ठेवला होता, तिथे आम्ही दोघी गेलो. समोर रिकामे प्लॉट, अर्धवट इमारती, उडणारी धूळ. लाईट म्हणजे पाहुणी, आली तर आली. यमुनेपलीकडे दिल्ली दिव्यांनी झगमगतेय आणि इकडे आम्ही मेणबत्ती शोधतोय. आई त्या घरात राहायला आली, पण बोलायची थांबली. भांडली असती तर बरं झालं असतं. विचारलं तर ‘हो’, ‘नको’, ‘जेवून घे’, एवढंच. बांगड्यांचा आवाज नाही आणि तिचा आवाज नाही, मला घरात शिरायची भीती वाटायला लागली. नाशिकहून मामाचा फोन यायचा. “ताईला मी घेऊन जातो. तू दिवसभर कामावर, ती एकटी भिंतींकडे बघत बसणार का?” त्याचं चुकत नव्हतं. दिवाळीनंतर न्यायला येतो, असं त्याने ठरवूनच टाकलं. आईला विचारलं तर म्हणाली, “तुम्ही ठरवाल तसं.” माझी आई, जी बाबांना भाजीसुद्धा ठरवू द्यायची नाही, ती असं म्हणाली. मला ती नाशिकला जायला नको होती. खरं तर ती कुठेच जायला नको होती, आणि ती तर माझ्या डोळ्यांदेखत जात होती.

तेवढ्यात मालिका सुरू झाली.

समोरच्या फ्लॅटमध्ये एक पंजाबी आंटी राहायच्या. दणदणीत आवाज, दणदणीत मन, घरात मोठा रंगीत टीव्ही आणि लाईट गेली तर तो चालवायला बॅटरीची सोय. त्यामुळे मालिकेच्या दिवशी अख्खा जिना त्यांच्याकडे. आईला त्यांनी पहिल्याच आठवड्यात हाताला धरून नेलं. “बहनजी, अकेले क्या बैठना, चलो.” आई गेली आणि कोपऱ्यात बसली. मी त्याच मालिकेत काम करते हे बिल्डिंगमध्ये फक्त आईला माहीत होतं, आणि तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं. बाकीच्यांना वाटायचं, मी कुठल्याशा ऑफिसात आहे.

मग सुरू झाले शोध. आंटींचं म्हणणं, दूधवाल्याने मारलं. का? तर त्याच्या मनगटावर घड्याळ आहे, आणि एवढं भारी घड्याळ दूधवाल्याकडे कुठून आलं? (ते त्या नटाचं स्वतःचं होतं. काढायला विसरला, आणि पहिल्या शॉटमध्ये होतं म्हणून मी पुढे काढू दिलं नाही.) वरच्या मजल्यावर रेल्वेतून रिटायर झालेले एक बंगाली बाबू होते, त्यांचा भर चित्रावर. चित्र डावीकडे सरकलं की त्या भागात कुणीतरी खोटं बोलतं, असा त्यांचा सिद्धांत. आणि गंमत म्हणजे तो दोनदा खरा ठरला. रिकामा पिंजरा म्हणजे उडालेला प्राण, बंद घड्याळ म्हणजे खुनाची वेळ. मी आपली मूग गिळून बसायचे. हसू दाबताना एकदा चहा नाकात गेला.

तिसऱ्या भागाच्या वेळी असेल, आंटी नेहमीसारख्या सांगत होत्या की नवरा मेलेला आहे, फक्त कुणी मारला एवढाच प्रश्न आहे. कोपऱ्यातून आवाज आला.

“वो मरा नही है.”

सगळ्यांनी वळून बघितलं. आई बोलली होती. तिचा आवाज इतक्या दिवसांत इतका ठाम मी ऐकलाच नव्हता.

“क्यों बहनजी?”

“उसके हात में देखो. हरा चुडा है. जिसका नवरा जिंदा है, वो ही पहनती है.”

आंटी हसल्या. “चूड़ा तो लाल होता है जी. न सिंदूर, न बिंदी, न कुछ लाल. ये तो फ़ैशन है.”

“फॅशन बिशन कुछ नही. इतनी बडी बाई, बिना मतलब हरा पहनेगी क्या? हातच्या कंकणाला आरसा कशाला?” शेवटचं वाक्य तिने मराठीतच ठोकून दिलं, कुणाला कळो न कळो.

आणि मी? मी दाराशी उभी. हिरव्या बांगड्या सवाष्णीच्या असतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. दिल्लीत वाढलेल्या मुलीला माहीत असतं तितपत माहीत होतं. लग्नात भरतात, छान दिसतात, संपलं. माझ्या लेखी हिरव्या बांगड्या म्हणजे आईचा हात, त्याच्या पुढे मी कधी विचारच केला नव्हता. आणि मला शेवट ठाऊक होता. नवरा मेलेला होता. पटकथेत पहिल्यापासून मेलेला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं होतं ते. साऱ्या बिल्डिंगने कोडं सोडवायला जंग जंग पछाडलं होतं आणि कोडं घालणारी दाराशी उभी होती.

पण घरी परतताना आई जिन्यात बोलत होती. “त्या बाईला काही समजत नाही. दूधवाला म्हणे. दूधवाला कशाला मारेल? उधारी बुडेल त्याची.” मी ऐकत राहिले. घरात शिरल्यावरही ती बोलत होती. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा तिने मला विचारलं, “आज भाजीत मीठ बरोबर होतं का गं?” मला रडू येत होतं आणि मी म्हटलं, “कमी होतं.” ती म्हणाली, “मग बोलायचं नाही का, तोंड शिवलंय?”

त्यानंतर आईचा जोर वाढतच गेला. बिल्डिंगमध्ये दोन तट पडले, दूधवाला आणि चुडा. आईने बंगाली बाबूंना आपल्या बाजूला ओढलं. तिने चित्राचं महत्त्व मान्य केलं, त्यांनी बांगड्यांचं. भाजी घेताना, पाण्याच्या टँकरची वाट बघताना, गच्चीवर पापड घालताना, सगळीकडे तीच चर्चा. आंटी खालून ओरडायच्या, “बहनजी, आपका मुर्दा उठा क्या?” आणि आई वरून म्हणायची, “रुको, उठेगा.” मामाचा फोन आला तेव्हा तिने अर्धा वेळ त्याला मालिकाच सांगितली. पण जायचं की नाही ते तिने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. मला दिसत होतं की ती ज्या फांदीवर येऊन बसलीय ती शेवटच्या भागात मोडणार आहे. अख्ख्या जिन्यादेखत मोडणार आहे, आणि ती परत कोपऱ्यात जाऊन बसली की मामा येऊन तिला घेऊन जाईल.

तिकडे स्टुडिओत वेगळंच शिजायला लागलं. पुण्या-मुंबईहून, नागपूरहून पत्रं यायला लागली. सगळ्या मराठी बायकांची. नवरा जिवंत आहे ना, आम्ही बांगड्यांवरून ओळखलं. आमच्या डायरेक्टरने मला बोलावलं. चांगला माणूस, पण स्वतःच्या हुशारीवर फार प्रेम.

“तू मराठी है ना? ये चूड़ियों का क्या चक्कर है?”

मी सांगितलं. नवरा असेपर्यंत हिरव्या, तो गेला की फोडतात. तो खुर्चीवरून उठलाच. “अरे यार, ये तो कमाल है. शेवटच्या भागात आपण त्या फोडायच्या. इन्स्पेक्टर सांगतो, प्रेत मिळालं. ती उंबऱ्यावर हात आपटते. क्लोजअप. हिरवी काच सगळ्या फरशीवर. लोक म्हणतील, काय सिम्बॉल पेरला होता यांनी, पहिल्या भागापासून.” तो प्रसंग अजून शूट व्हायचा होता. स्टुडिओतला होता, आठवड्याभरात होणार होता.

आधी मला वाटलं, ठीकच आहे. मालिकेतला नवरा जिवंत निघणार नाही, पण बांगड्यांना अर्थ होता, हे तरी सिद्ध होईल. ती अर्धी तरी जिंकेल. म्हणून घरी गेल्यावर मी आडून विचारलं. आई मेथी निवडत होती.

“समज, तो मेलेलाच निघाला. आणि तिने बांगड्या फोडल्या असं दाखवलं. तर तुझंच बरोबर होतं म्हणायचं ना?”

तिचा हात थांबला.

“तसं दाखवणार असतील तर मी नाही बघायची.”

“का?”

“का म्हणजे काय? मला काय हौस आलीय?” तिने हातातली जुडी बाजूला ठेवली आणि म्हणाली, “त्या दिवशी मीच हात पुढे केला होता. कुणी ओढला नाही. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या ना, म्हणून केला. तुझे बाबा असते तर ओरडले असते मला. त्यांना आवाज आवडायचा तो.” आणि परत निवडायला लागली. “लग्नाच्या आधीपासून घालत होते गं मी बांगड्या. परकरी पोर होते तेव्हापासून.”

मी आत जाऊन तोंड धुतलं. त्याच वेळी ठरवलं, की मेले तरी हा शॉट होऊ द्यायचा नाही.

शूटिंगच्या दिवशी सेटवर उंबरा तयार, लाईट लागलेले, फोडायच्या बांगड्यांचे जादा सेट आणून ठेवलेले. मी भिंतीवरचा पहिल्या दिवसाचा फोटो काढला आणि डायरेक्टरच्या पुढ्यात धरला. “शेवटचा शॉट. फाटकाचा. हातात बांगड्या आहेत. इथे फोडल्या तर पुढच्या मिनिटाला हातात कुठून येणार?”

“मग तो शॉट परत घेऊ.”

“कुठे घेणार? कोठी पडली. मी परवाच बसमधून बघितलं, खड्डा आहे तिथे.”

तो चिडला. “मग तो शॉट काढून टाकू. फोडण्यावर संपवू.”

“तुम्हीच म्हणता, तुमच्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला शॉट आहे. तो काढून एका बाईचं मनगट आपटताना दाखवणार?”

“तू तुझं कंटिन्युइटीचं बघ. डायरेक्शन मी करतो.”

आता मात्र माझं डोकं फिरलं. आजवर मी सेटवर कधी घरचं बोलले नव्हते. त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले. हिंदीत सुरुवात केली आणि अर्ध्यात मराठीत कधी गेले ते कळलं नाही. माझ्या आईच्या बांगड्या अशाच फोडल्या. मी चहा करत होते. तो आवाज माझ्या कानातून गेलेला नाही. तुम्हाला तो सिम्बॉल वाटतो, तिला तो तिचा हात होता. ज्या बायकांनी पत्रं लिहिलीत ना, त्यांच्यातल्या कितीतरी जणींनी तो आवाज ऐकलाय, त्या परत ऐकायला टीव्ही लावत नाहीत. त्या बांगड्या मी घातल्यात, मी काढू देणार नाही. हवं तर मला काढा.

मग नटी, जी एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात, तिने स्वतःच्या बांगड्यांवरून पदर ओढून घेतला आणि म्हणाली, “मैं नहीं तोड़ूँगी.” डायरेक्टरने सिगरेट पेटवली, विझवली, फोटोकडे बघितलं. “चलो, बिना चूड़ी के लेते हैं,” म्हणाला. म्हणजे हात न दाखवता. नुसता चेहरा. त्याला तो नंतर इतका आवडला, की ती त्याचीच कल्पना होती असं तो सगळीकडे सांगत फिरला. सांगू दे.

शेवटच्या भागाच्या दिवशी नोएडातली लाईट गेली नाही, हेच मोठं नवल. आंटींच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. आई पुढे बसली होती, बंगाली बाबूंच्या शेजारी. मी दाराशी. घरी जाऊन आजारी पडावं असं वाटत होतं.

इन्स्पेक्टरने सांगितलं. नवरा मेला होता. दूधवाल्याने नव्हे, त्याच्या भागीदाराने मारला होता, म्हणजे आंटीही पूर्ण जिंकल्या नाहीत. पण अर्ध्या तरी जिंकल्या. त्या आईकडे वळल्या आणि टाळी वाजवून म्हणाल्या, “देखा बहनजी? मर गया आपका मुर्दा.” सगळे हसले. आई हसली नाही. तिची पाठ एकदम लहान झालेली मला मागून दिसली.

“रुको,” ती म्हणाली. “देखने दो.”

पडद्यावर कोठीचं फाटक आलं. ती बाई चालत आली, कडीवर हात ठेवला, आणि हिरव्या बांगड्या मनगटावरून खाली सरकल्या. उन्हात दिसल्या, वाजल्या. तिने फाटक उघडलं आणि रस्त्याला लागली. नावं सुरू झाली.

आंटींनाच राहवलं नाही. “ये क्या? अब तो पता चल गया ना मर गया. चूड़ी क्यों नहीं उतारी?”

आई उठून उभी राहिली. “वो मर गया तो मर गया,” तिच्या त्या नाशिकच्या हिंदीत म्हणाली. “चूडी उसकी थोडी थी. चूडी तो इसकी है.”

आंटींचा नवरा बाजूला बसून शेंगा खात होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे, आणि चहा ठेवायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आई म्हणाली, “चल, अट्ट्याला जाऊ.” अट्टा म्हणजे आमचा नोएडाचा बाजार. मला वाटलं भाजीला. रिक्षातून उतरल्यावर ती भाजीवाल्यांना वळसा घालून थेट बांगडीवाल्याच्या गाळ्यापुढे उभी राहिली. मी तिच्या मागे.

“पहिल्या भागातच ओळखलं होतं मी,” समोरच्या बांगड्यांकडे बघत ती म्हणाली. “साध्या, आणि मधे ठिपक्यांची. असं फक्त मी भरते. म्हटलं, पोरीने घातल्यात म्हणजे तिला ठाऊक असणार, तो जिवंत आहे. उगीच कशाला घालेल माझी पोर हिरव्या?”

म्हणजे तिचा सगळा सिद्धांत एवढ्यावरच उभा होता. मी घातल्यात, म्हणजे मला माहीत असणार. दिल्लीत वाढलेल्या आपल्या मुलीवर इतका भरवसा जगात दुसऱ्या कुणी ठेवला नसता.

“मला माहीत होतं तो मेलाय,” मी म्हटलं. “मला नुसता हात रिकामा बघवला नाही.”

तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “मामाला फोन कर घरी गेल्यावर. दिवाळीला ये म्हणावं, फराळ करून ठेवते. पण न्यायला येऊ नको.”

बांगडीवाल्याने विचारलं, “हरी वाली? बिटिया के लिए?”

“नही,” आई म्हणाली. “मेरे लिए.”

त्याने तिच्या मोकळ्या कपाळाकडे एकदा बघितलं, मग हिरव्या बांगड्या काढल्या. आईने ठिपक्यांची एक वेगळी निवडून त्याच्या हातात दिली, मधे घालायला. तिचा हात इतक्या दिवसांत आखडला होता, पहिली बांगडी अंगठ्यापाशीच अडली.

“हाथ ढीला छोड़ो, माताजी,” तो म्हणाला.

आईने हात सैल सोडला.